कालेब, सोड ते!

मुलगा पसंत होता, नोकरी पसंत होती, त्याची आईसुद्धा जरा करारी असली तरी पसंत होती. घोडं अडलं होतं ते नावापाशी. होणाऱ्या जावयाचं नाव कालेब, आणि घरातल्या कुत्र्याचंही कालेब.

कुत्र्याचं नाव मुलीच्या वडिलांनी, म्हणजे सरांनी ठेवलेलं. सरांचा जन्म जुन्या भाषा शिकवण्यात गेला आणि शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, हिब्रू नावं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हिब्रूत कुत्र्याला 'केलेव' म्हणतात आणि 'कालेब' लिहितानाही तीच तीन अक्षरं लागतात. पिल्लू घरात आलं तेव्हा सर एवढं सांगून मोकळे झाले. पुढे मुलगी नेमकी कालेबच शोधून आणेल, हे कुठल्या कोशात असणार?

"आजच्या दिवस तो मोती आहे," पाहुणे यायच्या आधी बायकोनं बजावलं. "आणि अहो, कुणाच्या नावाचा अर्थ सांगायचा नाही. कुणी विचारला तरी!"

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली.

सरांनी मान डोलावली. मोतीनं डोलावली नाही.

पाहुणे आले. चहा आला. जावयानं बशीतलं बिस्किट उचललं, आणि त्याच वेळी मोतीनं त्याच्या आईची पर्स उचलली.

"मोती! ए मोती!" सर ओरडले. मोती ढिम्म. पर्सचा पट्टा दातांत कुरकुरू लागला तसा सरांचा धीर सुटला.

"कालेब! सोड ते! बस खाली!"

कुत्र्यानं पर्स सोडली. जावयानं बिस्किट सोडलं. बसले दोघंही.



"एक बिस्किट घेतलं त्यानं," जावयाची आई थंडपणे म्हणाली. "आत्तापासूनच माझ्या मुलाला नावं ठेवताय?"

"छे छे! मुलाला नाही, कुत्र्याला नाव ठेवलंय," सर घाईघाईनं म्हणाले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"कुत्र्याला? माझ्या मुलाचं नाव?"

"तुमची ओळख व्हायच्या कितीतरी आधी हो!"

"पण हेच नाव का?"

बायकोनं डोळे वटारले. मुलीनं मिटले. सरांच्या जिभेच्या टोकावर तिन्ही मूळ अक्षरं येऊन उभी राहिली.

"काका," जावई मध्येच म्हणाला, "कुत्रा सगळ्यांना मनापासून जीव लावतो, म्हणून ना?"

त्याच्या नजरेतली विनवणी सरांना दिसली. याला अर्थ ठाऊक आहे! बहुधा शाळेपासूनच ठाऊक असावा, आणि आईसाठी तो इतकी वर्षं गप्प असावा. सरांना पोरगा एकदम आवडून गेला.

"हो तर! कालेब म्हणजे 'पूर्ण हृदय'," आई उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाली. "मी वाचूनच ठेवलंय. बरोबर ना, सर?"

आयुष्यभर विद्यार्थ्यांची असली व्युत्पत्ती लाल शाईनं खोडणाऱ्या सरांनी चष्मा सावरला. "शास्त्रातल्या कालेबबद्दल अगदी तसंच म्हटलंय. पूर्ण मनाचा होता," ते म्हणाले. यात शब्दभरही खोटं नव्हतं. बायकोनं श्वास सोडला.

"वा! मग माझ्याही नावाचा अर्थ सांगा की," बाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "माझं नाव लेआ."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. एक पक्ष म्हणतो 'थकलेली'. दुसरा म्हणतो 'गाय'.

"त्यावर विद्वानांत वाद आहे," ते कसंबसं बोलले.

"अस्सं? काय वाद आहे?"

"बघून सांगतो," म्हणत सर आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी पुस्तकांचं कपाट उघडलं. तिसरा पक्ष सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तो काही सापडला नाही. बऱ्याच वेळानं बायको आत डोकावली.

"या आता, गेले ते. तारीख ठरली लग्नाची."

"माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय म्हणूनच," ती म्हणाली.