काटा मधोमध

भास्करनानांनी एकदा भर कार्यक्रमात पाहुण्यांच्या गळ्यात घालायचे हार वजन करून पाहिले होते. तीन धर्मांचे तीन पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, सभागृह पोरापोरींनी भरलेलं, मी माइकवर स्वागताचे दोन शब्द बोलतेय, आणि मागच्या टेबलाशी नाना खिशातला ताणकाटा काढून एकेक हार त्याच्या आकड्याला अडकवतायत. दोन हार सारखे निघाले. तिसरा तीस ग्रॅमने जास्त भरला. नानांनी शांतपणे त्यातला झेंडू खुडायला घेतला. मी स्वागत लांबवत राहिले. पांझरा नदी झाली, देवपूरची शाळा-कॉलेजं झाली, धुळ्याच्या उन्हाबद्दलही बोलून झालं, तेव्हा कुठे नानांनी मान डोलावली. "आता घाला," म्हणाले. "काटा मधोमध आला."

मी देवपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शहरातल्या तरुण मुलामुलींनी जातधर्म बाजूला ठेवून एकमेकांना ओळखावं, म्हणून काही वर्षांपूर्वी इथे एक युवक सलोखा समिती नेमली गेली. तिची चिटणीस मी झाले, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि सभेला लागणारी टेबलं माझ्या वाचनालयात आहेत. दर गुरुवारी चार वाजता सभा. अध्यक्ष नाना.

नानांनी उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. तळाला चिंच चिकटवलेलं पारडं, आतून पोखरलेलं वजन, चुंबक लावलेला काटा, सगळं त्यांनी पाहिलेलं. नाना बाजारात शिरले की ज्याचं माप खरं आहे तो दुकानदारसुद्धा उगाच वजनं पुसायला लागायचा, असं जुने लोक सांगतात. निवृत्तीनंतर माणसं कट्ट्यावर बसून राजकारण करतात. नानांच्या वाट्याला आमची समिती आली आणि समितीच्या वाट्याला नाना.

सभेत एकजण चार मिनिटं बोलला, तर दुसऱ्यालाही चार मिनिटं बोलावंच लागे, त्याला काही सांगायचं असो की नसो. भाषणात कोणाच्या एका सणाचं नाव आलं की बाकीच्यांचे सण येईपर्यंत नाना बोट वर धरून बसत. एक पाहुणे संक्रांतीवर बोलून खाली बसले, तर नानांनी त्यांना परत उभं केलं. ते बिचारे घाम पुसत ईद, नाताळ, पर्युषण करत बुद्धपौर्णिमेपर्यंत आले. मग बोट खाली आलं.

चौकातल्या भिंतीवर सलोख्याचं चित्र काढायचं ठरलं तेव्हाची गंमत वेगळीच. पेंटरने आपल्या समजुतीप्रमाणे एक टोपीवाला, एक टिळेवाला, एक पगडीवाला अशी आठ पोरं हातात हात घालून उभी केली. समितीत येणारी आमची पोरं बघायला आली. ऋषभ, म्हणजे कापड बाजारातल्या मारवाडी शेठजींचा मुलगा, म्हणाला, "नाना, यात आम्ही कुठेत?" सना म्हणाली, "असं कोण फिरतं?" खरंच होतं ते. पोरांचे सगळ्यांचे केस कानावर सारखेच कापलेले, जीन्स गुडघ्यावर सारख्याच फाटलेल्या. नानांनी पेंटरला सांगितलं, यांना बघून काढ. त्याने काढलं. मग नाना रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "यात कोण कोणत्या समाजाचा ते कळत नाही," ते म्हणाले. "मग सगळे सारखे आहेत का, हे तपासू कसं?" पेंटर अहिराणीत वैतागला. "नाना, माणसं आठच शेत. मोजी ल्या." नानांनी मोजली. आठ भरली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

या स्वभावाचा मला कधीकधी संताप यायचा. एकदा दोन टारगट पोरांनी सनाची उभी स्कूटी मुद्दाम पाडली. सभेत विषय निघाला. नानांनी दोन्हीकडची बाजू घड्याळ लावून ऐकली आणि निकाल दिला, की पोरांनी माफी मागावी, आणि गाडी वाटेत लावली म्हणून सनानेही मागावी. सना पिशवी उचलून निघून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली हा तिचा मोठेपणा. मी नानांना म्हटलं, "चूक एकाचीच असते कधीकधी." नाना म्हणाले, "बाई, एका बाजूला बोट लावलं की काटा गेलाच."

हे ते पोरांबद्दल बोलत होते, पण मला दुसरंच काही आठवलं. नानांची एकुलती एक मुलगी मंजू जळगावात राहते, ही गोष्ट देवपुरात सगळ्यांना माहीत होती आणि नानांसमोर कोणी काढत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिने फिरोजशी लग्न केलं. त्याचं तिकडे शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. नानांचे भाऊ खवळले, घरात आठ दिवस धड चूल पेटली नाही. मंजूने विचारलं, "नाना, तुम्ही काय म्हणता?" नाना म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत." ऐकता ऐकता नऊ वर्षं गेली. भावांना त्यांनी तोडलं नाही, मुलीला वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि तिच्या दारातही कधी गेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी नानांच्या पत्नी वारल्या, तेव्हा भाऊ म्हणाले, ती आली तर आम्ही येणार नाही. नानांनी मंजूला दुसऱ्या दिवशी कळवलं. तिने फोन करणं सोडलं. तेव्हापासून नाना एकटेच असतात. सकाळी खिचडी टाकतात आणि तीच संध्याकाळी खातात. त्यामुळे मला त्यांच्यावर पुरतं चिडताही यायचं नाही.

अशा माणसाच्या डोक्यातून घरभेट निघावी, याचं मला फार नवल वाटलं होतं. घरभेट म्हणजे चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्याच्या घरी जेवायला जायचं. घर दुसऱ्या समाजाचं हवं. वेळ दोन तास, कमी नाही आणि जास्तीही नाही. नाना स्वतः गल्लीच्या तोंडाशी घड्याळ धरून उभे राहत.

ऋषभ सनाकडे गेला. तो कांदा-लसूण खात नाही म्हणून तिच्या अम्मीने आदल्या दिवसापासून घरातले डबे धुतले, नवी कढई आणली आणि त्यात नुसता शिरा केला. तो पुरेल का या काळजीने एवढा केला, की ऋषभला त्यातला अर्धा डब्यातून घरी न्यावा लागला. आता त्याची आई तो शिरा कसा केला ते विचारायला सनाच्या अम्मीला फोन करते. सना एका शेतकऱ्याच्या घरी गेली. तिथल्या आजीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं तसं विचारलं, "का वं माय, घरनी याद उनी का?" ठेच्याने तोंड पोळलंय हे सनाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सभेत या गोष्टी ऐकताना नाना लहान मुलासारखे पुढे सरकून बसत आणि पुन्हा पुन्हा विचारत, "मग वाढताना कोण उभं होतं? दारापर्यंत सोडायला कोण आलं?"

सनाच्या ते लक्षात आलं असावं. एका गुरुवारी ती उभी राहिली. "घरभेटीला आम्हीच जातो. समितीचे सभासद नुसते बसतात. हा काटा मधोमध आहे का, नाना?" पोरं हसायला लागली. ठराव एकमताने झाला. पुढच्या गुरुवारी सभासदांच्या चिठ्ठ्या, आणि वयाने मोठे म्हणून पहिला मान नानांना.

बुधवारी सना वाचनालयात आली आणि माझ्या टेबलाशी घुटमळत राहिली. "मॅडम, माझी खाला, म्हणजे मावशी, जळगावला मंजूताईंच्या शेजारीच राहते. ताई तिला दर वेळी विचारतात, देवपूरहून काही कळलं का, नाना बरे आहेत का." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिठ्ठ्या तुम्हीच लिहिता ना?"

मी सत्तावीस वर्षांत एक पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलेलं नाही. त्या संध्याकाळी मी बारा चिठ्ठ्या लिहिल्या आणि बाराही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं. मंजूषा फिरोज, जळगाव.

गुरुवारी नानांनी डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली, वाचली. चष्मा वर केला, परत वाचली. मग जे करतील असं मला वाटलंच होतं तेच त्यांनी केलं. दुसरी चिठ्ठी काढली. मग तिसरी. खोटी मापं पकडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापुढे आमची ती लबाडी किती वेळ टिकणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षर कोणाचं ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. मी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत बसले. सना नखं खात होती. नानांनी तिन्ही चिठ्ठ्या घडी करून खिशात घातल्या आणि डब्याचं झाकण लावलं. "चिठ्ठी निघाली आहे," ते म्हणाले. "बाई, इतिवृत्तात लिहा." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी फार बारीक अक्षरात लिहिलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं जळगावच्या बसमध्ये बसलो. मी बरोबर असायचं असा त्यांचाच हट्ट होता, साक्षीदार म्हणून. पारोळ्याला नाना खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, मला बरं वाटत नाही. परतीची गाडी बघतो." मी त्यांना चहा पाजला आणि पुन्हा बसमध्ये चढवलं. एरंडोलला उतरले आणि म्हणाले, "रविवार आहे, ते लोक बाहेर गेले असतील." मी म्हटलं, "मग कुलूप बघून येऊ." पुढचा सगळा रस्ता ते पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन केळीच्या बागा बघत बसले.

दार मंजूनेच उघडलं. चाळिशीचीही नसेल, पण कानाजवळचे केस पांढरे झालेले. नानांनी घसा साफ केला. "घरभेट," ते म्हणाले. "समितीकडून आलोय. दोन तास."

मंजू दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "या ना."

आत वांग्याचं भरीत तयार होतं, म्हणजे सनाच्या खालाने बातमी पोचवली होती. सात वर्षांची एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने विचारलं, "तुम्ही कोण?" नाना म्हणाले, "समितीचा अध्यक्ष." ती आईकडे बघायला लागली. फिरोज हात पुसत आला, नमस्कार केला, समोर बसला. नानांनी त्याला घरभेट योजनेची सगळी कलमं सांगितली. तो भला माणूस प्रत्येक कलमाला "हो, बरोबर" म्हणत राहिला.

ताटं झाली. मंजू वाढत होती. भरीत वाढता वाढता ती थांबली आणि खाली बघूनच म्हणाली, "आई गयी तवय बठ्ठासले, आख्खा गावले सांगं. मालेच नही सांगं."

फिरोज मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेला. मलाही उठून जावंसं वाटलं, पण माझ्या पुढ्यात ताट होतं.

"तुना काका नको म्हनेत," नाना म्हणाले. "मी म्हनं, कोनलेच दुखाडानं नही."

"मंग माले दुखाडं ना."

नानांचा हात भाकरीवर तसाच होता. समितीच्या सभेत इतके दिवस मी या माणसाचं बोलणं लिहून घेतलं, पण असं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. "हा," ते म्हणाले. "बठ्ठासनं धरं. तुनं वजन धरंच नही मी. मी चुकनू, माय."

मंजू पदर तोंडाला लावून तिथेच त्यांच्याजवळ खाली बसली. बऱ्याच वेळाने नानांनी आपल्या ताटातला घास मोडला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो खाल्ला.

तीनच्या सुमारास मी उठले. नानांना खूण केली. नातीला मांडीवर घेऊन ते तिला पेढ्याचा पुडा उघडून दाखवत होते. "बाई, तुम्ही निघा," ते म्हणाले. "मी येतो मागून." त्यांच्याकडे कपड्यांची पिशवीसुद्धा नव्हती. मी एकटीच परत आले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. भावांपर्यंत बातमी पोचलीच. देवपुरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गुरुवारी चारला पाच कमी असताना नाना वाचनालयात आले. मी हळूच विचारलं, "भाऊ काय म्हणतात?"

"बोलत नाहीत."

"मग?"

"नाही बोलत," नाना म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. खांद्यावरून उतरलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, खिशापाशी ग्रीसचा न निघालेला डाग. आयुष्यभर पांढऱ्याशिवाय काही न घातलेला माणूस. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. शेवटी ऋषभला राहवलं नाही.

"नाना, हा शर्ट कोणाचा?"

सभेत नाना कधी अहिराणी बोलत नसत. त्यांनी दोन्ही बाह्या नीट दुमडल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मना जवाईना शे."