चित्र, प्रतिमान आणि पहिला क्रेट

ज्या गोष्टीला चूक ठरण्याची सोयच नाही, ती बरोबर असण्याचाही संभव नाही. हे विज्ञानाचे प्राथमिक तत्त्व आहे, आणि आमच्या चिकू कंपनीत ते समजणारा मी एकटाच आहे. ही आत्मप्रौढी नव्हे, निरीक्षण आहे.

कंपनी महादेवशेठ राऊतांची. रानशेतला त्यांची पॅकिंगची शेड आहे आणि तिथे मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. विभागात दुसरे कोणी नाही, त्यामुळे विभागात मतभेद नाहीत. यंदा तलासरीला महामार्गालगत एका मोठ्या खरेदीदाराने संकलन केंद्र उघडले. त्याने कळवले की वाडीपासून आमच्या गेटपर्यंत मालाचे काय काय होते ते रीतसर दाखवा. पहिला ट्रक व्यवस्थित आणि कडक फळांसह आला, तर पूर्ण हंगामाचा माल तुमचाच घेऊ. इथे वाचकांनी चिकूचा स्वभाव ध्यानात घ्यावा. तो तोडल्यानंतर पिकतो, आणि उन्हात उभ्या ट्रकमध्ये तर फार मन लावून पिकतो!

रीतसर दाखवण्याचे काम शेठनी आपल्या मुलीला, निशिगंधाला, दिले. ती कार्यालय सांभाळते. तिने चित्रे काढण्याच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये दुपारच्या चहापूर्वी नकाशा तयार केला. चौकोन, बाण, कोपऱ्यात हसरा चिकू.

"हा बाण काय सांगतो?" मी विचारले.

"इकडून तिकडे."

"इकडून तिकडे काय जाते? माल, माहिती की जबाबदारी?"

"सर, बाण जातो."

"आणि हा पिवळा शंकरपाळा?"

"तिथे रिकामं रिकामं वाटत होतं."

मी डोळे मिटून घेतले. धुण्याच्या टाकीतून निघालेला एक बाण थेट हिशेबाच्या खोलीत शिरला होता आणि तिथून परत निघण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. अशा चित्राला प्रक्रिया म्हणणे म्हणजे रांगोळीला शेतजमिनीचा सातबारा म्हणण्यासारखे आहे!

मी शेठना स्पष्ट सांगितले की आपल्याला चित्र नको, प्रतिमान, म्हणजे मॉडेल, हवे. त्यासाठी खास सॉफ्टवेअर असते. त्यात प्रत्येक चिन्हाला एकच ठरलेला अर्थ असतो, प्रत्येक कामाला धनी असतो, सुरू झालेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी संपावीच लागते, आणि नियम मोडला तर ते काम पुढे सरकू देत नाही.

"पण हे फुकटात होतंय ना?" शेठ म्हणाले.

"शेठ, चित्रातल्या नळाला पाणी येत नाही."

"आणि तो गळतही नाही," निशिगंधा म्हणाली.

या वाक्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले. शास्त्रज्ञाने विदूषकी हरकतींची दखल घ्यायची नसते.

सॉफ्टवेअर आले. मी प्रत्येकाच्या मुलाखती घेऊ लागलो. प्रतवारीच्या ओट्यावर शुक्रीताईंचे राज्य आहे; फळ हातात घेऊन त्या मोठे, मध्यम, बारीक असे फेकत जातात आणि त्याच वेगाने माणसांचीही प्रतवारी करतात.

"प्रतवारीनंतर क्रेट कुठे जातो?" मी विचारले.

"पयला वाघोबाला. बाकीचे गाडीत."

"वाघोबा कुठल्या विभागात आहेत?"

ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. "शिवेवर बसतो तो," शुक्रीताई म्हणाल्या. "गावातला माल शिवेभाईर जायचा, तर पयला क्रेट त्याचा. माझ्या आजीपासून हाय."

मी त्यांना शांतपणे समजावले की प्रक्रियेत फक्त निरीक्षणक्षम कृती येतात. श्रद्धेला आदान असते, प्रदान नसते. सबब वाघोबा प्रतिमानात बसत नाहीत.

"नाय बसवायचा तर नका बसवू," त्या म्हणाल्या. "तो बसलेलाच हाय."

प्रतिमान पूर्ण झाले. सॉफ्टवेअरने ते तपासले आणि जाहीर केले: त्रुटी शून्य! संगणकाचा तो पडदा मी छापून भिंतीवर लावला, निशिगंधाच्या हसऱ्या चिकूच्या बरोबर वर. शिवाय एक कुलूपही घातले. प्रत्येक क्रेटवर मोबाइलने वाचता येणारी सांकेतिक चिठ्ठी असेल. लॉटमधला शेवटचा क्रेट मार्गी लागल्याशिवाय खरेदीदाराच्या गेटवर दाखवायचा ट्रकचा पास निघणार नाही. आणि हा नियम कोणालाही, प्रत्यक्ष मालकालाही, डावलता येणार नाही. "मलापण नाही?" शेठनी विचारले. "विशेषतः तुम्हाला नाही," मी म्हणालो.

पहिला ट्रक निघाला. पास वाटेत चालकाच्या मोबाइलवर पोचायचा होता. चालक नविनभाई तलासरीला पोचले आणि त्यांचा फोन आला.

"साहेब, पास नाय आला. गेटवाला आत घेत नाय."

"येईल. प्रणाली विचार करते आहे."

"विचार करू द्या, पण सावलीत करायला सांगा! इथे उन्हात माल नरम पडेल हां."

मी पडदा पाहिला. तिथे तांबड्या अक्षरांत लिहिले होते: एक क्रेट प्रक्रियेत आहे. ठिकाण: प्रतवारी. मी ओट्याकडे धावलो. ओटा धुऊन स्वच्छ होता.

"शुक्रीताई, एक क्रेट राहिला आहे!"

"नाय राहिला. गेला."

"कुठे गेला?"

त्यांनी माझ्याकडे बारीक मालाकडे पाहतात तसे पाहिले. "तुमाला सांगितला व्हता ना."

त्या मला शिवेवर घेऊन गेल्या. तिथे सागाच्या झाडाखाली वाघोबाची लाकडी फळी उभी होती. वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर. पुढ्यात आमचा क्रेट, पूर्ण रिकामा. प्रसाद पाड्याभर वाटून झाला होता. मी चिठ्ठी मोबाइलला दाखवली. प्रणालीने वजन विचारले. मी शून्य भरले. प्रणालीने उत्तर दिले: रिकामा क्रेट स्वीकारता येत नाही. तो नियम मीच घातला होता, आणि अतिशय चोख घातला होता.

निशिगंधाचा फोन आला. "सर, नविनभाई सांगतायत, वरच्या थरातले चिकू बोटाने दबायला लागलेत. दुसरे चिकू भरा ना त्या क्रेटमध्ये!"

"ती खोटी नोंद होईल. मी विज्ञानाचा माणूस आहे."

"मग विज्ञानाला सांगा लवकर!"

मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक अतिशय नम्र तरुणी होती.

"सर, क्रेट सध्या कोणाकडे आहे?"

"देवापुढे."

"ते आपलं गोदाम आहे का?"

"नाही. देव आहे."

"ओके सर. मग माल त्यांनी स्वीकारला का?"

मी शुक्रीताईंकडे पाहिले. "स्वीकारला तर!" त्या म्हणाल्या. "एक चिकू उरला नाय."

"मग त्यांना वापरकर्ता म्हणून नोंदवा, सर, आणि त्यांच्या नावाने पोच द्या. प्रक्रिया संपेल."

वाचकहो, पुढचे दृश्य डोळ्यांसमोर आणू नका. पदार्थविज्ञानाचा पदव्युत्तर मनुष्य सागाखाली उकिडवा बसून मोबाइलवर ग्रामदैवताचे खाते उघडत होता! नाव: वाघोबा. आडनाव अनिवार्य होते. मी रानशेतकर लिहिले. मोबाइल क्रमांक अनिवार्य होता. शुक्रीताईंनी आपला दिला, कारण तिथे दुसरा फोन माझाच होता आणि माझ्या नावावर देव चालवणे मला तत्त्वतः मान्य नव्हते. मग प्रणालीने विचारले: आपले वरिष्ठ कोण?

"याच्या वर कोण?" मी विचारले.

"त्याच्या वर?" शुक्रीताई दचकल्या. "कोण नाय! असला काय विचारता देवापुढं?"

मी रकाना रिकामा सोडला. घाईत. तेवढेच.

शुक्रीताईंच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी वाघोबाच्या वतीने अंगठा दाबला आणि तलासरीला पास उमटला. नविनभाईंचा ओरडा फोनशिवायही रानशेतला ऐकू आला असता. गेट उघडले, माल आत गेला, गेटवाल्याने वरचा थर दाबून पाहिला, नाक मुरडले आणि स्वीकारला. हंगामाचा करार आमचा झाला! शेठनी शेडभर पेढे वाटले. मी संमिश्र भावनांनी दोन खाल्ले.

"देवाच्या नावाने ओटीपी म्हणजे खोटी नोंद नाही का, सर?" निशिगंधाने विचारले.

"ती प्रतिमानातील दुरुस्ती आहे."

"अच्छा. मग हेही बघा." तिने पास पुढे केला. तळाशी लिहिले होते: अंतिम मंजुरी, वाघोबा रानशेतकर, सर्वोच्च अधिकारी.

झाले असे की ज्याला वरिष्ठ नाही, त्याला सॉफ्टवेअर संस्थेच्या शिखरावर बसवते. तर्क निर्दोष आहे. आता शेठ वाघोबांच्या हाताखाली आहेत आणि मी शेठच्या. हे बदलायचे तर सर्वोच्च अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मी तशी विनंती पाठवली; ती अर्थातच शुक्रीताईंच्या फोनवर गेली. त्या म्हणाल्या, "देवाला खाली उतरवायचा कागद माझ्या हातून नाय पुढं जायचा."

निशिगंधाच्या चित्राविषयी माझे मत आजही तेच आहे. ते चूक ठरू शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. माझे प्रतिमान चूक ठरले, यातच त्याची वैज्ञानिकता आहे. नेमका हाच विचार मी डहाणूला एका विज्ञानमंडळात मांडणार होतो. व्याख्यानाचा विषय होता 'श्रद्धा आणि पुरावा'. त्यासाठी रजेचा अर्ज केला. शेठनी लगेच पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले:

अर्ज नामंजूर. कारण: हंगाम चालू आहे. वाघोबा रानशेतकर.

कारणात, खेदाने नमूद करतो, मला एकही त्रुटी सापडली नाही.