हसनचाचांची स्टँडबाय जाळी

शेजारचे हसनचाचा घरात आले की माणसांची विचारपूस करत नाहीत, नळाची करतात. "जाळी कशी हाय?" म्हणत थेट मोरीत शिरतात.

चाचांचं उभं आयुष्य जहाजावर, इंजिनरूममध्ये तेलाचे फिल्टर धुण्यात गेलं. तिथे म्हणे प्रत्येक फिल्टरची जोडी असते. "एक ड्यूटीवर, एक स्टँडबाय. इंजिन थांबता नये!" रत्नागिरीला परतल्यावर हाच कायदा त्यांनी आमच्या आळीला लावला. पिशवीत नळाच्या जाळ्या, चहाच्या गाळण्या घेऊन फिरायचे. आमची जाळी काढून स्वतःची बसवायची, आमची घरी नेऊन टूथब्रशने घासायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. काढताना एक चहा, बसवताना दुसरा. एकदा तर माझ्या बायकोच्या हातातली गाळणीच त्यांनी तपासायला घेतली आणि तेवढ्यात चहा उतू गेला. "पातेल्याला पण स्टँडबाय हवा," एवढंच म्हणाले.

मी चिडवायचो, "चाचा, जाळी इथेच पाच मिनिटांत धुऊन होईल की!"

"वाळायला नको? ओली जाळी मी बसवणार नाय."

नळाची जाळी वाळवून बसवणारा हा जगातला एकमेव माणूस असावा.

गेल्या महिन्यात मी पाणी शुद्ध करायचं मोठं मशीन घेतलं. चाचा पिशवी घेऊन आले, मशीनकडे बघत राहिले.

"याचा फिल्टर?"

"कंपनीचा माणूस येऊन बदलतो. तुमची दगदग वाचली."

"बरां झालां," म्हणाले आणि मागे फिरले. मग आठवडाभर फिरकलेच नाहीत.

बायकोने मला धारेवर धरलं. "चाची गेल्यापासून त्या घरात चहा होत नाही. कळतं का तुला काही?"

तिला चहा टाकायला सांगून मी गेलो. चाचा पायरीवर बसले होते.

"चला, चहाला."

"काय बिघडलां?"

"काहीच नाही."

"मग कशाला येऊ? कामाशिवाय कोणी रोज दारात उभा राहिला, तर माणसांना कंटाळा येतो रे."

तेवढ्यात बायको किटली आणि तीन कप घेऊन फाटकातून आत आली.

"चाचा, आम्हालाही काही काम नाही. बसू का?"

चाचा लगबगीने उठले, खांद्यावरच्या टॉवेलने पायरी पुसू लागले. पायरी स्वच्छच होती, तरी मान खाली घालून कितीतरी वेळ पुसत राहिले.