जावईबापूंनी झूम लेन्स सर केली त्याची हकीकत

श्रीमंत वचनदृढ, अखंडचालिनी, सकलगृहाधार सासूबाईसाहेब यांचे सेवेशी विज्ञापना ऐसी जे, साहेबी आज्ञा केली की गत साली आमचा फोटो हुकला तो कैसा हुकला आणि यंदा आला तो कैसा आला, हे मुळापासोन, कोणाचा मुलाहिजा न धरितां लिहोन ठेवणे, कारण की पाहुणे घरी येतात, भिंतीवरील तसबीर पाहतात आणि भलतेच पुसतात. आज्ञा मस्तकी धरोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिण्यात उणे असेल ते लेखणीचे समजावे. जावईबापूंचे जे उणे आहे ते त्यांचेच आहे.

तर जावईबापू म्हणजे साहेबांच्या कन्येचे यजमान, धंद्याने चष्मेवाले. चौकात दुकान, दुकानात उंच खुर्ची, खुर्चीत गिऱ्हाईक बसवावे, त्याच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरावे, मग दुसरे धरावे, आणि मधाळ आवाजे पुसावे की आता बरं दिसतं की आधी, आणि गिऱ्हाइकाने गोंधळोन जावे, ऐसा नित्याचा कारभार. साऱ्या वस्तीची नजर सुधारली ऐसा लौकिक होता. त्यांस फोटोंचा शौक जबरदस्त, आणि पदरी डिजिटल एसएलआर कॅमेरा, जातिवंत, ज्याच्या तोंडावरील लेन्स उतरवोन दुसरी चढविता येते. हीच त्याची थोरवी आणि हाच त्याचा घात. लेन्स दोन होत्या, एक आखूड, जवळचे दाखविणारी, आणि एक लांब, दूरचे ओढोन आणणारी, आणि उभयतांचा दस्तूर ऐसा की एकीने कॅमेऱ्यावर चढावे, दुसरीने पिशवीत निजावे, आणि प्रसंग मात्र हमेशा निजलेलीच्या वाट्याचा यावा.

ऐसियात गत सालचा प्रसंग उभा राहिला. सासूबाईसाहेबांनी उमर टेलिफोन ऑफिसात खुर्चीवर बसोन काढिली, आणि निवृत्त जाहलियावर डॉक्टरांनी सांगितले की आता रोज चाला, तेव्हां त्यांनी चालणेही नोकरीसारखेच धरिले, म्हणजे रजा नाही आणि लेटमार्क नाही. मग ज्येष्ठांच्या मंडळाने चालण्याची शर्यत मांडिली, मैदानाचा एक पुरा फेरा, धावेल तो बाद, आणि साहेब त्यांत उतरल्या. गनीम म्हणजे निवृत्त नर्सबाई, ज्यांनी हयातभर इस्पितळाचे लांबलचक व्हरांडे तुडविले होते, त्यांची चाल ऐसी की रस्त्याने बाजूस व्हावे. जावईबापू अखेरच्या चुन्याच्या रेघेपाशी मोर्चा धरोन बैसले, कॅमेऱ्यावर लांब लेन्स. साहेब दूरच्या वळणावर दिसल्या तों फोटो चांगले निघाले, मग साहेब नजीक आल्या आणि लेन्समध्ये अवघे एक नाक मावू लागले. तेव्हां जावईबापूंनी घाईने लांब लेन्स उतरविली, तिचे झाकण दातांत धरिले, आखूड लेन्स काखेतल्या पिशवीतून काढिली, तिचे मागील झाकण गवतात पडिले, ते उचलावयास खाली वाकले, आणि वाकले असता टाळ्यांचा कडकडाट जाहला. साहेब पहिल्या आल्या. नर्सबाई दुसऱ्या आल्या. लेन्स बैसली तैसा कॅमेऱ्याचा खटका आपसूक दाबला जावोन एक फोटो निघाला तो गवताचा, आणि गवत ऐसे सुरेख आले की पात्यापात्यावरील धूळ दिसावी.

संध्याकाळी साहेबांनी एकवार पुसिले की फोटो आला का, आणि जावईबापू बोलिले की येतोय. साहेब उमजल्या आणि पुन्हा अवाक्षर काढिले नाही. सासू बोलली तर जावयास उत्तर देता येते. सासू गप्प राहिली तर त्यास तोंड कोठे लपवावे हे कळत नाही. उलट त्या दिवसापासोन चहाचा पहिला पेला जावईबापूंस येऊ लागला, आणि तो घोट गळ्याखाली उतरताना त्यांस गवत आठवू लागले.

यंदा शर्यतीचा हंगाम आला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी साहेबांचे गुडघे दाबोन फर्माविले की एवढी शर्यत चाला, पुढे मात्र चढाओढ बंद, फेरफटका तेवढा मारा. ही खबर घरात येताच जावईबापू ताडकन उठले, कारण की हुकलेला फोटो भरोन काढण्याची ही अखेरची संधी. त्यांनी तेथेच उभे राहोन पण केला की दोन्ही लेन्स देऊन टाकीन आणि एकच झूम लेन्स घेईन, जी उंबऱ्यावरचे पाहील आणि मैदानापलीकडचेही पाहील, आणि एकदा चढली म्हणजे शर्यत संपेतों उतरणार नाही. बाईसाहेब, म्हणजे जावईबापूंचे कुटुंब, त्यांनी तो पण ऐकिला आणि एवढेच सांगितले, "करा काय ते, पण आई रेघेशी पोचायच्या आत करा."

मसलतीस मेहुणे आले. मेहुणे म्हणजे सासूबाईसाहेबांचे चिरंजीव, बाईसाहेबांचे धाकटे बंधू, ज्यांनी लेन्सविषयी मोबाईलवर जेवढे व्हिडिओ आहेत तेवढे पाहिले होते आणि मनुष्याचा फोटो मात्र काढिताना त्यांस कोणी पाहिले नव्हते. त्यांचे म्हणणे ऐसे की लेन्सची खरी परीक्षा विटांच्या भिंतीवर होते, फोटो काढावा, संगणकावर थोर करोन पाहावा, आणि चारी कोपऱ्यांतील विटा धारदार आहेत की नाहीत हे तपासावे. मग दोस्तमंडळींकडोन नाना तऱ्हेच्या लेन्स उसन्या आणिल्या, आणि इमारतीची मागील भिंत रोज सकाळी नवी नवरी उभी करावी तैसी टिपिली गेली, आणि जावई-मेहुणे डोके डोक्यास लावोन विटा न्याहाळीत बैसले, आणि दुकानात गिऱ्हाइके तिष्ठत राहिली. एक म्हणे डावा कोपरा मऊ आहे, दुसरा म्हणे उजवा त्याहून मऊ आहे, आणि निकाल काही लागेना. अखेर बाईसाहेब दारात येऊन बोलिल्या की, "आपल्या लग्नात माझेसुद्धा एवढे फोटो नव्हते काढले." त्यावर उभयतांनी संगणक मिटविला आणि खाशा स्वारीनिशी कॅमेऱ्याच्या दुकानाकडे कूच केले.

दुकानदार मोठा सबुरीचा गृहस्थ. त्याने काचेच्या पेटीवर मऊ फडके अंथरोन तीन मातबर लेन्स उभ्या केल्या. पहिली रुंद तोंडाची, वजनदार, अंधारातही उजेड वेचोन आणणारी, परंतु पल्ला आखूड, आणि हातात धरिली तर मनगटाने रजा मागावी. दुसरी लांब पल्ल्याची, पायाखालच्या मुंगीपासोन क्षितिजावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सर्व कवेत घेणारी, परंतु पुरी लांबविली म्हणजे उजेड मंद होई, आणि नजर ठरविण्यास इतकी कांकूं करी की समोरचे मनुष्य तोवर घरी पोचावे. तिसरी मध्यम, अठरा मिलिमीटरपासोन एकशेचाळीसपर्यंत लांबणारी, नाकासमोर चालणारी, अंगी विशेष कांही मिजास नाही. जावईबापूंचा हात तिसरीकडे गेला, तेव्हां मेहुण्यांनी नाक मुरडिले आणि फर्माविले की, "दाजी, सगळं थोडं थोडं करते ना, ती धड काहीच करत नाही." जावईबापूंचा हात मागे आला. मग पहिली उचलिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, आणि जो मनुष्य दिवसभर दुसऱ्यांस हे की ते पुसतो त्यास स्वतःस हे की ते ठरवेना. दुकानदाराने तीनही लेन्स पुसल्या, मग पुन्हा पुसल्या.

इतक्यात सासूबाईसाहेब जातीनिशी दाखल जाहल्या. पायांत खेळाचे बूट, गळ्यात टॉवेल, रोजचा फेरा आटोपोन जेवणास बोलावण्यास आल्या होत्या. चिरंजीवांचे वाक्य त्यांनी दारातच ऐकिले होते. त्या पेटीपाशी आल्या, तिसरी लेन्स हातात घेऊन तिचे वजन पाहिले आणि चिरंजीवांकडे वळोन बोलिल्या,

"मी दिवसा ऑफिस केलं, संध्याकाळी लोकांचे कपडे शिवले, मधल्या वेळात घर चालवलं आणि तुम्हा दोघांना वाढवलं. सगळं थोडं थोडंच केलं रे. त्यातलं काय धड झालं नाही, सांग बरं."

मेहुणे खिशातला मोबाईल चाचपू लागले. साहेबांनी क्षणभर त्यांचे निरीक्षण केले आणि पुस्ती जोडिली, "हां, एक तेवढं जरा हललेलं आलंय." दुकानदार फडक्याआड तोंड लपवोन हसला, जावईबापूंनी हसू दाबिले, आणि मेहुणे छताकडे पाहों लागले.

मग साहेबांनी फर्मान काढिले की विटांची परीक्षा रद्द. आपण स्वतः त्या कोपऱ्यावरील पत्रपेटीपासोन दुकानाच्या दारापर्यंत शर्यतीच्या चालीने येऊ, जावईबापूंनी दारात उभे राहावे, दर खेपेस एक लेन्स लावावी, आणि मध्ये कांही बदलू नये. मग ती फेरी पाहण्यास अर्धी गल्ली गोळा जाहली. न्हाव्याने गिऱ्हाइकास अर्ध्या दाढीने खुर्चीत सोडिले आणि बाहेर आला. पहिल्या लेन्सने साहेब दाराशी आल्या तेव्हां देखण्या आल्या, परंतु पत्रपेटीपाशी त्या कोणत्या आणि पत्रपेटी कोणती हे ओळखू येईना. दुसऱ्या लेन्सने पुरी लांबी घेतली, आत यंत्र घर्र घर्र करोन नजर शोधू लागले, नजर सापडली, आणि फोटोत पत्रपेटी एकटीच उभी होती, कारण की साहेब पुढे निघोन गेल्या होत्या. तिसऱ्या लेन्सने साहेब पत्रपेटीपाशी लहान परंतु साहेबच दिसल्या, गल्लीच्या मध्यावर नखशिखांत दिसल्या, आणि दाराशी आल्या तेव्हां कपाळावरचा घामाचा थेंबही दिसला, आणि जावईबापूंनी फक्त झूमची कडी फिरविली होती.

साहेबांनी कॅमेरा स्वहस्ते घेतला, जावईबापूंस दुकानातील स्टुलावर बैसविले, त्यांच्या डोळ्यांपुढे आधी दुसऱ्या लेन्सचा फोटो धरिला, मग तिसरीचा, आणि त्यांच्याच मधाळ आवाजे पुसिले, "आता बरं दिसतं की आधी?"

जावईबापू बोलिले, "आता, आई."

ऐसी तिसरी लेन्स हस्तगत जाहली. दोन जुन्या लेन्स दुकानदाराच्या हवाली केल्या, वरची रक्कम जावईबापूंनी दोनदा पुसोन भरली, आणि स्वारी जेवावयास घरी आली.

मग शर्यतीचा दिवस उगवला. ऊन स्वच्छ, चुन्याची रेघ ताजी, आणि जावईबापू रेघेपल्याड एक गुडघा टेकोन बैसले, कॅमेऱ्यावर तीच एक लेन्स, पिशवी घरी. बाईसाहेब पाण्याची बाटली घेऊन उभ्या, मेहुणे शिट्टीवाल्या पंचांस लेन्सची महती सांगत उभे, जी त्यांस आता मुळापासोन पटली होती. शिट्टी वाजली. नर्सबाईंनी आरंभीच आघाडी घेतली, साहेबांनी दूरच्या वळणावर ती मोडिली, आणि सरळ पट्ट्यावर आल्या तेव्हां दोघींत दोन पावलांचे अंतर होते. जावईबापूंनी कडी फिरविली आणि टिपिले, मग फिरविली आणि टिपिले, आणि साहेब जसजशा थोर होत गेल्या तसतसा त्यांचा ऊर भरोन येत गेला.

आणि रेघ एका पावलावर असता साहेब थांबल्या.

साहेबांनी कमरेवर हात ठेविला, धापा टाकीत जावईबापूंकडे पाहिले, आणि गत सालचे गवत मनात आणोन, जावयास पुरेसा अवकाश द्यावा या हेतूने पुसिले, "झालं का हो, जावईबापू? सावकाश करा. मी थांबते."

जावईबापू ओरडले, "आई, झालं केव्हाच! चला! चला!" आणि ओरडता ओरडता बोट खटक्यावर पडले. तितक्यात नर्सबाई शेजारून निघाल्या आणि रेघ ओलांडोन गेल्या. सासूबाईसाहेब दुसऱ्या आल्या.

जावईबापू तेथेच गवतात बैसले आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. ज्या मनुष्यास सबंध जिंदगीत कोणी थांबोन वेळ दिला नव्हता, त्याच्यासाठी सासूने जिंकलेली शर्यत थांबविली होती. ते बोलिले, "आई, माझ्यामुळे नंबर गेला." साहेबांनी बाटलीतले पाणी पिऊन घेतले, तोंड पुसले, आणि कॅमेरा मागितला. फोटोत त्या रेघेअलीकडे उभ्या होत्या, कमरेवर हात, भुवया उंच, ओठ प्रश्नात अर्धवट उघडे, केसाचा केस स्वच्छ. मेहुण्यांनी सवयीने फोटो थोर करोन कोपरे तपासिले आणि अहवाल दिला की कोपरेही धारदार आहेत, उजव्या कोपऱ्यात नर्सबाई पुढे जाताना स्पष्ट दिसतात.

साहेबांनी कॅमेरा जावईबापूंच्या गळ्यात परत अडकविला. मग बोलिल्या, "नंबर मागच्या वर्षीच आलाय. फोटो तेवढा राहिला होता." आणि मग जावईबापूंच्या पाठीवर थाप देऊन म्हणाल्या, "उठा. नर्सबाईंचा पण एक काढा, त्यांचा कोणीच काढला नाहीये."

तो फोटो चौकटीत बसवोन बैठकीत लाविला आहे, आणि चौकटीच्या खिळ्यास गत सालचे पहिल्या नंबराचे पदक अडकविले आहे. पाहुणे पुसतात की हा पहिल्या नंबराचा फोटो काय, तेव्हां साहेब पदकाकडे बोट करितात आणि हो म्हणतात. आणि एखादा चौकस निघाला, आणि त्याने पुसिले की मग बाई रेघेच्या अलीकडे का उभ्या आहेत, तर साहेब बोट उचलितात आणि शेजारी चहा पीत बैसलेल्या जावईबापूंकडे करितात. चहाचा पहिला पेला अद्याप त्यांसच येतो, आणि आता तो गोड लागतो.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, लेन्स कॅमेऱ्यावर चढली ती अद्याप उतरली नाही, आणि जय सासूबाईसाहेबांचा जाहला, दुसऱ्या येऊन जाहला, ही नोंद समक्ष वाचोन दाखविली असता साहेबांनी ऐकिली, एकवार मान डोलविली, आणि कबूल केली.