श्रावणभाऊंचा प्रॉम्प्टर

खोटा पेशंट उभा करावा तर मीच! सिंदेवाहीच्या आमच्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टर व्हायला आलेली पोरं मी घडवतो. पेशंटशी बोलावं कसं, याची त्यांची परीक्षाही असते आणि त्यासाठी पेशंटचं सोंग घेणारा माणूस लागतो. यंदा मी थेट श्रावणभाऊंनाच गाठलं. झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं खलनायक! शिवाय चार वर्षांपासून शुगरसाठी माझ्याकडेच येतात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

परीक्षा त्या पोरांतल्या निशाची होती. मागच्या खेपेला ती नापास झाली होती, घाई करते म्हणून. पुन्हा गेली तर वर्ष वाया. श्रावणभाऊंना मी दोन पानं लिहून दिली: डोकं दुखतं, आणि मेंदूत गाठ असेल या भीतीनं झोप लागत नाही. भीतीचं आपणहून बोलायचं नाही, निशानं काढून घ्यायचं. चिंता नोका करू म्हणत त्यांनी पानं खिशात घातली.

नागपूरहून आलेले परीक्षक आणि मी कागद घेऊन पडद्यामागे बसलो. श्रावणभाऊ कण्हत आले. इतके झकास कण्हले की बाहेरच्या रांगेतली एक बाई आपला नंबर द्यायला उठली. मी परीक्षकांकडे ऐटीत पाहिलं.

"काय त्रास होऊन राह्यला भाऊ?" निशानं विचारलं.

"डोक्शं दुखते."

"अजून काही मनात आहे?"

आणि श्रावणभाऊ मान तिरकी करून पडद्याकडे बघू लागले. हा माणूस जन्मात कधी पाठांतर करत नाही. पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, हे ठोकून देतात. पहिली ओळ सोडली तर पानं वाचलीच नव्हती! हातात कागद घेऊन पडद्यामागे बसलेला मी म्हणजे त्यांच्या लेखी प्रॉम्प्टर. मी खोकलो. भाऊंनी कान टवकारले. परीक्षकांनी भुवया उंचावल्या, तसा मी पुढचा खोकला गिळला.

निशाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता ही दुसरा प्रश्न फेकणार, असं मला वाटलं. पण तिनं पेन खाली ठेवलं, खुर्ची जरा जवळ ओढली आणि थांबली. एक मिनिट. दोन मिनिटं. एवढ्यात माझा अख्खा पेशंट तपासून होतो.

शेवटी श्रावणभाऊंनी पडद्याचा नाद सोडला. आवाज एकदम साधा झाला.

"डोक्शाचं राहू द्या बाई. मी शुगरची गोळी सहा महिन्यापासून खाऊनच नाई राह्यलो. खाल्ली का स्टेजवर चक्कर येते. काम गेलं तर मले कोन इचारते?"

हे माझ्या पानांत नव्हतं!

"हे तुमच्या डॉक्टरांना सांगितलं?" निशानं हळूच विचारलं.

"कवा सांगू? गोळ्या चालू आहेत ना, म्हणतेत. अन् मी तोंड उघडाच्या आंधी 'हो' लिहून टाकतेत."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

निशाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. अभिमानानं ऊर भरून आला माझा, अगदी खरं सांगतो. माझी विद्यार्थिनी म्हणून भेटेल त्याला सांगत सुटलोय. भाऊंची गोळी तिनं बदलून दिली, चक्कर थांबली. आता ते दवाखान्यात आले की माझ्या दाराशी थांबून हात जोडतात, तब्येत विचारतात आणि पुढे तिच्या खोलीत जातात.