परबांचा कोटी जप

परब माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत. त्यांची नजर थेट मानेवर. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी रुजू झाले, त्या दिवशी नावगाव न विचारता ते म्हणाले, "पाचव्या-सहाव्या मणक्याक जप गो. मोबायलात लय वाकतस."

आम्ही मानेच्या ऑपरेशनमध्ये पुढून, गळ्याकडून बसवायच्या टायटॅनियमच्या प्लेटा बनवतो. बोटाच्या पेराएवढी पट्टी, चार स्क्रू, आणि त्यांनी दोन मणके एकत्र धरून ठेवायचे. माणसाच्या मानेत जाण्याआधी प्रत्येक नवं मॉडेल परबांच्या तावडीत सापडतं. मणक्यांच्या जागी प्लास्टिकचे दोन ठोकळे, त्यांवर प्लेट, आणि मशीन तिला सेकंदाला पाच वेळा वाकवतं. पन्नास लाख वेळा वाकून टिकली तर पास. याला बारा दिवस लागतात. तेवढे दिवस परब समोर स्टूल टाकून बसलेले.

आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसतो, की बाई पास हो. परब मात्र हात चोळत "मोडतली, मोडतली!" करतात. कुठे बारीकशी चीर दिसली, की स्वारी खूश. "हय मोडली ना? मगे मानेत मोडूची नाय!" डिझाइन करणारा सुयश त्यांना तोंडावर पनवती म्हणतो. त्यावरही ते खूशच.

यंदा दसऱ्याआधी मशीन मोकळं होतं, तर परबांनी कपाटातून जुन्या मॉडेलची एक प्लेट काढून लावली. त्या मॉडेलचा रिपोर्ट केव्हाच पास झालेला. पन्नास लाख झाले तरी गडी थांबेना. "कोटी करूया," म्हणाले. लोक देवाचा कोटी जप करतात, आमच्या परबांनी प्लेटचा मांडला! नवल म्हणजे या खेपेला 'मोडतली'चं नाव नाही. उलट चहाचा कपसुद्धा ते मशीनपासून लांब ठेवायला लागले.

खंडेनवमीला सकाळी दहाला सगळी मशीनं बंद करून पूजा करायची, हा साहेबांचा नियम. घरची मंडळीही येतात. झेंडूचे हार आले, पेढे आले, आणि इकडे काउंटर नव्व्याण्णव लाखांच्या पुढे! मी हिशेब केला. कोटी व्हायला साडेअकरा वाजणार होते.

"परब, स्विच ऑफ," साहेब म्हणाले.

"चालत्या मशीनीक हार घाला, सायबानू. थांबवूचा नाय."

"तुम्ही पण ना, परब!" साहेब वैतागले, पण बाकीच्या मशीनांकडे वळले.

मग काय विचारता! पूजा आटोपून सगळे परबांच्या स्टुलाभोवती. शेवटचे हजार म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटं. मी खुर्चीवर चढून आकडे ओरडत होते, सुयश शिट्ट्या मारत होता, कुणाची तरी मुलगी उड्या मारत होती. कोटी! प्लेट शाबूत! सुयशनं परबांना मिठीच मारली. "झकास, काका!"

"आता तरी बंद करा," साहेब हसत म्हणाले.

परबांचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. काउंटर कोटीच्याही पुढे पळू लागला.

घरच्या मंडळींतून एक बाई पुढे आल्या. परबांची बायको, शुभावहिनी. गळ्यावर बोटभर आडवा, पुसट व्रण.

"याच मॉडेलची प्लेट आहे त्यांच्या मानेत," साहेब माझ्या कानाशी म्हणाले. "सहा वर्षं झाली."

हाड जुळलं की प्लेटवर फारसा भार राहत नाही, हे आम्हाला शिकवलं कोणी? परबांनीच.

"ओ, बंद करा. पुरे झाला," वहिनी म्हणाल्या.

"ही प्लेट तुझ्या मानेतल्या प्लेटीच्या फुडे धावता गो," परब म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मोडली असती, तर माका आधी कळला असता. बंद केलंय तर फुडचा माका कायच ठावक नाय."

"माका तरी खय ठावक आसा!" वहिनी म्हणाल्या. त्यांनी परबांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून बटण दाबलं.