आईची ढोबळ निर्यात

श्रीरंग खटावकरनं आईला जर्मनीला पाठवताना निर्यातीची पातळी ‘ढोबळ’ निवडली, त्यामुळं आई तिकडं कोपऱ्याकोपऱ्यांची पोचली.

साताऱ्याच्या व्यक्ती निर्यात कक्षात तीन पातळ्या मिळतात. ढोबळ, मध्यम आणि बारीक. माणूस संगणकात उतरवला की त्याची गोलाई तिथं तंतोतंत असते. पण बाहेर पाठवताना प्रत्येक गोल भागाचे सपाट तुकडे पाडावे लागतात. तुकडे जितके बारीक, तितका माणूस पलीकडं गोल निघतो, आणि तितका वेळही जास्त लागतो. श्रीरंगला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो पंपांच्या कारखान्यात डिझाइन विभागात होता आणि नव्यानं लागलेल्यांना पहिल्याच आठवड्यात दम भरायचा, “मॉडेल ढोबळ पाठवलंत तर पाइप षटकोनी होऊन येतील, आणि शिव्या मी खाईन.”

पण त्या दिवशी कंपनीची क्रिकेटची मॅच होती आणि श्रीरंग विकेटकीपर होता. बारीक निर्यातीला संध्याकाळ झाली असती.

“माणसांना शक्यतो बारीकच घेतात,” खिडकीतल्या आवटीबाई म्हणाल्या.

“ढोबळ चालेल हो,” श्रीरंग घड्याळाकडं बघत म्हणाला, “घरचंच माणूस आहे.”

आई मागं खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. तिकडं बहिणीचे, वृषालीचे दिवस भरत आले होते. श्रीरंगनं वाकून नमस्कार केला, सही केली आणि तो मैदानावर गेला. मॅच ते हरले.

संध्याकाळी वृषालीचा फोन आला. “दादा, आई नीट पोचली. पण जरा वेगळी दिसतेय रे. गाल सपाट झालेत. नाकाला धार आलीय.”

श्रीरंग सवयीनं म्हणाला, “ते दिसण्यातलं असेल. स्क्रीनवर गोल वस्तू कधीकधी तुकड्यांची दिसते. मूळ वस्तू व्यवस्थित असते. थोडं झूम करून बघ.”

“झूम काय करू? ती माझ्यासमोर चहा पितेय.”

मग तिनं फोन आईकडं वळवला. आईचा चेहरा पैलू पाडलेल्या दगडासारखा झाला होता. अंबाड्याला सहा बाजू होत्या. बांगड्या षटकोनी झाल्यामुळं मनगटावर फिरत नव्हत्या, जिथल्या तिथं अडकून बसल्या होत्या. टेबलावरचे लाडू घरंगळत नाहीत हे जावयाला फार सोयीचं वाटलं होतं; त्यानं ते एकावर एक रचून ठेवले होते.

“प्रवास मानवला नाही का गं?” श्रीरंगनं विचारलं.

“मानवला की,” आई म्हणाली. “तुम्ही जिंकलात का?”

श्रीरंगनं रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला.

वृषालीला मुलगी झाली. तिकडची परिचारिका आईला बघून दचकली नाही. तिनं फक्त खोलीत शिरण्यापूर्वी आईच्या कोपरांना आणि हनुवटीला कापसाच्या पट्ट्या लावायला सांगितलं. खरी अडचण घरी आल्यावर झाली. बाळाला न्हाऊ घालायला आई पाय पसरून बसली, तर पिंढऱ्यांना मधोमध कड आलेली. टॉवेलची घडी घातली, वर दुपटं घातलं, तरी बाळाला ती कड टोचायची. बाळ रडायला लागलं की आई त्याला पटकन वृषालीकडं द्यायची आणि आपले पाय साडीखाली ओढून घ्यायची, जणू काही ते उघडे पडले होते.

“तिला वाटतं तिचंच काही चुकलं,” वृषाली फोनवर म्हणाली. “वयामुळं होतं म्हणे असं. दादा, तू तर याच कामातला. काही करता येत नाही का?”

श्रीरंग कारखान्याच्या जिन्यात उभा होता. खाली उतरणारे दोघं त्याला नमस्कार करून गेले. त्याला वाटलं, यांनी आपलं तोंडही बघू नये.

“वयामुळं नाही,” तो म्हणाला. “मी ढोबळ पाठवली तिला. मॅच होती माझी.”

“बाळ उठलंय,” वृषाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बाळाचा आवाज काही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून श्रीरंग निर्यात कक्षात गेला.

“गुळगुळीत करून मिळतं,” आवटीबाई म्हणाल्या, “पण ते नुसतं दिसायला. हाताला कडा लागायच्या त्या लागणारच.”

“मूळ प्रत?”

“ती आहे. ती आपण लगेच पुसत नाही. त्यावरून पुन्हा बारीक निर्यात करता येईल. पण मग पोचलेल्या बाई रद्द कराव्या लागतील. एका नावावर दोन व्यक्ती ठेवता येत नाहीत.”

“करू या,” श्रीरंग म्हणाला. “आजच करू या. मी थांबतो, कितीही वेळ लागू दे.”

“एक लक्षात घ्या. मूळ प्रत त्या दिवशीची आहे. त्यानंतरचं काही त्यांना ठाऊक नसेल.”

“म्हणजे बाळाचा जन्म?”

“तो नंतरचा ना?” आवटीबाईंनी विचारलं. “मग नसणार. आणि पोचलेल्या बाईंची संमती लागते.”

श्रीरंगनं तिथूनच फोन लावला. या खेपेला त्यानं आईला सगळं सरळ सांगितलं, खिडकीत आवटीबाई ऐकत असताना.

“मला ठाऊक आहे रे,” आई म्हणाली. “मागंच बसले होते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी घाई दिसत होती.”

श्रीरंगनं विचारलं, “आई, तुला पहिल्यासारखी करू? फक्त हे दिवस जातील. बाळ तुला पुन्हा नव्यानं बघायला मिळेल.”

पलीकडं भांड्यांचा आवाज आला.

“वृषालीला कळा सुटल्या तेव्हा तिनं माझा हात धरला होता,” आई म्हणाली. “कडा लागत होत्या तिला, तरी सोडला नाही. तळहात कापला तिचा. ते मी विसरायचं, आणि तिनं एकटीनं लक्षात ठेवायचं? नको. मी आहे ती बरी आहे.”

“पण न्हाऊ घालताना…”

“तुझा मेहुणा घालतो आता. मी शेजारी बसून सांगते. पाणी जरा गारच ठेवतो तो.”

संमती मिळाली नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणं मूळ प्रत पुसणं आलं. ते पाठवणाऱ्यानं स्वतः करायचं असतं. आवटीबाईंनी पडदा त्याच्याकडं फिरवला. पडद्यावर आई खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. गाल गोल, अंबाडा गोल, बांगड्या गोल. ती दाराकडं बघत होती, ज्या दारातून श्रीरंग मैदानावर गेला होता. त्यानं तिला कितीतरी वर्षांत इतकं निरखून बघितलं नव्हतं.

“साहेब, मागं रांग आहे,” आवटीबाई हळूच म्हणाल्या.

श्रीरंगनं बटण दाबलं. खुर्ची तेवढी राहिली. ती कार्यालयाची होती.

बाळाला मान धरता यायला लागल्यावर आई परत यायला निघाली. श्रीरंगनं तिकडच्या कक्षाला फोनवर तीनतीनदा बजावलं, बारीक, सगळ्यात बारीक. तो सकाळपासून साताऱ्याच्या कक्षात बसून राहिला. दिवस मावळताना आई आली. निर्यात उत्कृष्ट झाली होती. प्रत्येक कड जशीच्या तशी, काडीचाही फरक न पडता आली होती.

“किती वाळलास,” आई म्हणाली आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी विचारलं, “खटावकर, गालाला काय झालं?”

“आई आली काल,” श्रीरंग म्हणाला. “तिनं हात फिरवला.”

“अरे वा,” साहेब म्हणाले. “किती दिवस आहेत?”

“आता इथंच.”

साहेबांनी खणातून मलमाची ट्यूब काढून त्याच्यापुढं धरली. श्रीरंगनं मान हलवून नको म्हटलं आणि तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला.